पाचाऐवजी चार करणेबाबत

सार्वजनिक वाचनालयाच्या वेबसाइटवर, बालविभागाच्या पानावर, वरून तिसऱ्या ओळीत असे लिहिलेले होते : 'मुलांचा वाचनतास रोज सायंकाळी ५ वाजता.' हे विधान महिनाअखेरपर्यंत खरे होते. एक तारखेपासून वाचनालय सातऐवजी साडेपाचलाच बंद होऊ लागले आणि वाचनतास चार वाजता भरू लागला. म्हणजे वेबसाइटवर एक आकडा बदलायचा होता. पाच पुसून चार लिहायचे. ज्याला वीसपर्यंत अंक येतात अशा कोणालाही हे जमले असते. अडचण एवढीच होती, की वाचनालयाच्या कार्यकारी समितीतल्या सातही जणांना वीसच्या कितीतरी पुढे अंक येत होते.

बालविभाग ज्या सांभाळत त्यांना सगळे नुसते 'बाई' म्हणत. तळमजल्यावर, लांबलचक बोळाच्या टोकाला त्यांची खोली होती. गुडघ्याएवढी कपाटे, अकरा बुटकी स्टुले, एक मोठी चटई आणि सायकली लावायच्या जागेकडे उघडणारी खिडकी. एकोणीस वर्षे बाई तिथे होत्या. एकच प्रश्न सातव्यांदा विचारणाऱ्या मुलाला त्या पहिल्यांदा दिले तसेच, तितक्याच मायेने उत्तर देत. एकोणीस वर्षांत त्यांचा आवाज चढला असेल तर तो फक्त गोष्टीतल्या राक्षसासाठी.

एक तारखेनंतर मुले पाच वाजता येऊ लागली. दप्तर ठेवून, पुस्तक निवडून, चटईवर पालथे पडेपर्यंत सव्वापाच होत. पाच वाजून वीस मिनिटांनी पहारेकरी दारात येऊन किल्ल्यांचा जुडगा वाजवी. सगळे त्याला चावीकाका म्हणत. जुडगा वाजला, की राजकन्या विहिरीत असो की झाडावर, तिला तिथेच सोडून मुलांना उठावे लागे.

बाईंनी मुलांना सांगून पाहिले. "उद्यापासून चार वाजता हं." मुले घरी जाऊन सांगत, "आई, चार वाजता." आई फोन उघडून बघे. "तू नीट ऐकलं नसशील. इथे पाच लिहिलंय." मूल आणि फोन यांच्यात घरी कोणाचे ऐकतात, हे सांगायला नको.

पहिल्या आठवड्यात बावीस मुले यायची ती सतरावर आली. पुढच्या आठवड्यात तेरा. इथे बाईंनी वाचनालयाची नियमावली काढली, कारण तिच्यात कलम नऊ होते : 'ज्या कक्षाची सरासरी उपस्थिती सलग तीन महिने बारापेक्षा कमी राहील, तो कक्ष अन्य उपयुक्त प्रयोजनासाठी वर्ग करण्यात येईल.' मुलांनी वाचणे हे उपयुक्त प्रयोजनांत मोडते की नाही, यावर कलम नऊने मत दिले नव्हते. 'अन्य' या शब्दातून मात्र थोडी कल्पना येत होती.

बाईंनी अर्ज केला. विषय : वेबसाइटवरील पाचाऐवजी चार करणेबाबत.

समितीची बैठक बसली. वेबसाइट सांभाळणारे तंत्रज्ञ, ज्यांना सगळे 'साइटवाले' म्हणत, तेही हजर होते. त्यांनी अर्ज वाचला आणि समोरचा संगणक स्वतःकडे ओढला.

"दोन मिनिटांचं काम आहे. आत्ता करतो."

"आत्ता कसं?" अध्यक्ष दचकले. "चर्चा नाही, ठराव नाही. आज तुम्ही पाचाचे चार कराल, उद्या कोणी चाराचे तीन करेल. मग समिती कशाला आहे?"

समिती कशाला आहे, हा प्रश्न साइटवाल्यांना अधूनमधून पडत असे. पण त्यांनी संगणक परत सरकवला.

"आणि काय हो," उपाध्यक्षा चष्मा वर करून पडद्याकडे बघत म्हणाल्या, "हा चारचा आकडा किती बिचारा दिसेल इथे! पाचाला कसा एक भारदस्तपणा होता. हे अक्षरांचं वळणच जुनाट आहे."

"सगळी साइटच जुनाट आहे," वकील सदस्य म्हणाले. "हात लावतोच आहोत तर एकदाच काय ते नीट करून टाकू."

'एकदाच काय ते नीट करून टाकू' हे वाक्य ज्या बैठकीत उच्चारले जाते, त्या बैठकीतून काम लवकर घरी येत नाही. बाईंना याचा अंदाज होता. त्या हळूच म्हणाल्या, "तोवर निदान तो आकडा तेवढा..."

"बाई," अध्यक्ष समजुतीच्या सुरात म्हणाले, "फाटलेल्या सदऱ्याला नवं बटण लावतं का कोणी?"

बाईंच्या मनात आले, की सदरा फाटलेला नाही आणि फक्त बटणच तुटले आहे. पण त्या बालविभागाच्या होत्या. मोठ्यांच्या बैठकीत त्यांना बोलायला सांगितले नव्हते.

वाचनालयाची वेबसाइट ज्या व्यवस्थेवर चालत होती ती फार सोयीची होती. पूर्वी वेबसाइटमध्ये काही बदलायचे तर संगणकाची भाषा येणारा माणूस लागायचा. या व्यवस्थेत तशी गरज नव्हती. आत शिरायचे, हवे ते बदलायचे, बाहेर यायचे. साइटच्या दिसण्याला थीम म्हणतात. ते तिचे कपडे समजा. एक काढून दुसरे घातले तरी आतला मजकूर तोच राहतो. आणि साइटला एखादे नवे काम शिकवायचे असेल, तर प्लगइन नावाचा जोड मिळतो. तो बसवला की साइट ते काम करू लागते. थोडक्यात, कोणालाही सगळे बदलता येत होते. साइटवाले हे या व्यवस्थेचा मोठा फायदा म्हणून सांगत.

बदल चालू असताना आतला पसारा लोकांना दिसू नये, म्हणून साइटवाल्यांनी साइटवर एक पडदा टाकला. पडद्यावर शिडीवर चढलेला एक माणूस होता, त्याच्या हातात रंगाचा ब्रश होता आणि खाली लिहिले होते : 'काम सुरू आहे. लवकरच भेटू.' ज्यांच्याकडे पासवर्ड आहे त्यांना पडदा दिसत नाही; त्यांना थेट आतली साइट दिसते.

"झालं की मला सांगा. मी पडदा काढतो," साइटवाले म्हणाले आणि दुसऱ्या गावी दुसऱ्या कामावर गेले. सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. पण त्याच वेळी चहाही आला होता.

पहिला आठवडा पासवर्डांतच गेला. या व्यवस्थेत आत येणाऱ्याला एक दर्जा द्यावा लागतो : वाचक, योगदानकर्ता, लेखक, संपादक आणि सगळ्यांत वर प्रशासक. साइटवाल्यांनी जाण्यापूर्वी अध्यक्षांना प्रशासक आणि बाकीच्यांना संपादक केले होते. वकील सदस्य चुकून योगदानकर्ता झाले. त्यांनी एक पानी निषेध नोंदवला : 'या संस्थेसाठी मी आजवर जे केले ते केवळ योगदान होते काय?' शेवटी शांतता राखण्यासाठी सातही जण प्रशासक झाले. बाई कर्मचारी असल्याने त्यांना 'वाचक' हा दर्जा मिळाला. म्हणजे त्यांना सगळे दिसत होते, पण हात कशालाच लावता येत नव्हता. बाईंना यात नवीन काही वाटले नाही.

मग थीम निवडण्यात तीन आठवडे गेले. अध्यक्षांना 'शांत सागर' हवी होती, उपाध्यक्षांना 'हिरवळ'. दोघांनाही सगळे अधिकार असल्याने साइट सकाळी निळी आणि दुपारी हिरवी दिसू लागली. मध्यम मार्ग म्हणून 'उद्योजक' नावाची करडी थीम पुढे आली. ती कोणालाच आवडली नाही, त्यामुळे तिच्यावर एकमत झाले. या थीममध्ये वरून तिसऱ्या ओळीची जागा 'आमचे समाधानी ग्राहक' यांच्यासाठी राखीव होती. वाचनतासाची ओळ तिथून उठवून तळाशी, 'सर्व हक्क राखीव' या वाक्याच्या खाली नेण्यात आली. अजून पाचच्या पाचावर.

मग प्लगइनांचा हंगाम सुरू झाला. पहिले बसले सरकत्या चित्रांचे. त्यात सदस्यांचे फोटो पाच-पाच सेकंद दिसत; अध्यक्षांचा सात सेकंद. दुसरे वय विचारणारे. वकील सदस्यांचे म्हणणे पडले, की अज्ञान व्यक्तीने पालकाच्या संमतीशिवाय कोणत्याही पानावर जाणे बरे नव्हे. तेव्हापासून बालविभागाच्या पानावर जाण्याआधी 'आपले वय अठरा पूर्ण आहे काय?' असे विचारले जाऊ लागले. 'नाही' म्हटले की पान मिटत असे. तिसरे प्लगइन उलटी मोजणी करणारे होते. वाचनतासाला किती तास, मिनिटे आणि सेकंद उरले ते सांगणारे. चौथे वेळापत्रकाचे. ही दोन प्लगइने एकमेकांशी बोलत नव्हती. एका स्वयंपाकघरात दोन जावांचे असते तसे झाले : एकीने मांडले की दुसरी उचलून ठेवी. वेळापत्रक लावले की मोजणी थांबे, मोजणी सुरू केली की वेळापत्रक गडप होई. उपाध्यक्षांना मोजणी फार आवडली होती, म्हणून वेळापत्रक बंद ठेवले गेले. आता वाचनतासाला किती सेकंद उरले ते कळत होते; वाचनतास किती वाजता ते कळत नव्हते.

पाचवे होते 'मदतनीस'. साइटच्या कोपऱ्यात एक हसरा चेहरा यायचा आणि त्याला काहीही विचारता यायचे. बाईंनी एकदा विचारून पाहिले.

'मुलांचा वाचनतास किती वाजता?'

'नमस्कार! फारच छान प्रश्न. आपण हा प्रश्न का विचारत आहात?'

'मुलांना सांगायचे आहे.'

'मुले ही राष्ट्राची संपत्ती आहेत. माझ्या उत्तराने आपले समाधान झाले काय?'

बाईंनी 'नाही' दाबले. हसरा चेहरा हसतच राहिला.

शेवटी बाईंनी एक कागद घेतला, त्यावर ठळक अक्षरांत 'वाचनतास चार वाजता' असे लिहिले आणि खोलीच्या दाराला चिकटवला. दुसऱ्या दिवशी कागद नव्हता. चावीकाका ओशाळून म्हणाले, "मीच काढला, बाई. अध्यक्षसाहेबांनी सांगितलं. कागद पिवळा होता म्हणे, साइट करडी आहे. ताळमेळ बसत नाही."

"मग करड्या कागदावर लिहू?"

"विचारलं मी. अक्षरांचं वळण अजून ठरायचंय."

दुसरा महिना संपता संपता मुले चारवर आली. ज्यांच्या घरी साइट बघायला कोणाला सवड नव्हती, ती चार. बाई त्यांना रोज ठरल्याप्रमाणे गोष्ट वाचून दाखवत, राक्षसाचा आवाजही काढत. पण रिकाम्या खोलीत राक्षसाचा आवाज घुमतो आणि मुलांना खरोखरच भीती वाटते, हे त्यांना नव्यानेच कळले. त्यांच्या धाकट्या जावेची जुळी मुलेसुद्धा येईनाशी झाली होती. जाऊ बाईंच्याच घरात वरच्या मजल्यावर राहायची. बाईंना हे आतून लागले होते, पण घरातल्या माणसाला विचारायचे तरी कसे?

एका सकाळी दोघी गच्चीत कपडे वाळत घालत होत्या, तेव्हा जाऊच म्हणाली, "ताई, तुमच्या खोलीचं काम कधी संपणार हो? पोरांनी घरी नुसता उच्छाद मांडलाय."

"कसलं काम?"

"असं काय करता? रंगकाम चाललंय ना? दीड महिना झाला, तो शिडीवरचा माणूस उतरतोच आहे." जावेने ओला हात पदराला पुसला आणि फोन काढून दाखवला.

बाईंनी पाहिले. शिडी, ब्रश, 'लवकरच भेटू.' हातातली उशीची खोळ तशीच पिळत त्या उभ्या राहिल्या. करडी साइट, सरकते फोटो, सेकंदांची मोजणी, हसरा मदतनीस, हे सगळे जगात फक्त आठ माणसांना दिसत होते. सात प्रशासक आणि एक वाचक.

समितीची तातडीची बैठक पाच दिवसांनी बसली. साइटवाल्यांना फोनवर घेतले.

"पडदा? अजून आहे?" तिकडून आवाज आला. "तुम्ही 'झालं' असं कळवलंच नाहीत!"

हे खरे होते. 'झाले' असे आजवर कोणीच म्हटले नव्हते.

"पण मग," अध्यक्ष कागद चाळत म्हणाले, "दीड महिन्यात चार हजार एकशे बारा भेटी झाल्याची नोंद आहे. त्या कोणाच्या?"

"तुमच्याच. तुम्ही सात जण आणि बाई. त्यातल्या जवळजवळ तीन हजार एकाच माणसाच्या आहेत. नाव सांगू का?"

"नको," अध्यक्ष घाईने म्हणाले. मग त्यांचा चेहरा खरोखरच उतरला. "म्हणजे साइटवर टाकलेलं माझं अध्यक्षीय मनोगत कोणीच वाचलं नाही?"

"मी वाचलं," बाई म्हणाल्या. त्यांना कोणाचाही उतरलेला चेहरा बघवत नसे.

"एक बटण आहे," फोनवरून आवाज आला. "आत्ता दाबतो. पडदा गेलाच समजा."

"थांबा!" वकील सदस्य उभेच राहिले. "पडदा काढला, की पडदा होता हे लोकांना कळेल. मग विचारतील, का होता? कोणी टाकला? कोणी विसरलं?"

"शिवाय साइट अजून पक्की झालेली नाही," उपाध्यक्षा म्हणाल्या. "तळाच्या पट्टीचा रंग मला मान्य नाही. माझा विरोध नोंदवलेला आहे."

"पण मुलं येत नाहीयेत," बाई म्हणाल्या. "चारच येतात. एक महिना राहिलाय."

सगळ्यांना वाईट वाटले. मुले सगळ्यांनाच प्रिय होती. पहिल्या सरकत्या चित्रात अध्यक्षांच्या कडेवर एक मूल होतेच. उपाय हवा होता, पण पडदा न काढता. आणि तो उपाय वकील सदस्यांना सुचला. तो इतका सरळ होता, की आधी कसा सुचला नाही याचे सगळ्यांना नवल वाटले. पडदा कोणाला दिसतो? ज्यांच्याकडे पासवर्ड नाही त्यांना. मग पडदा काढायचा कशाला? सगळ्यांना पासवर्ड द्यावा!

"दर्जा कोणता द्यायचा?" अध्यक्षांनी विचारले.

वकील सदस्यांनी योगदानकर्त्याच्या जुन्या जखमेवरून हात फिरवला. "प्रशासक. कोणाचा अपमान नको."

ठराव एकमताने मंजूर झाला. 'आपली साइट, आपला अधिकार' ही मोहीम सुरू झाली. साइटवाल्यांनी फोन ठेवण्याआधी एक लांब श्वास घेतला तो सगळ्यांना ऐकू आला. इतिवृत्तात त्याची नोंद 'तंत्रज्ञांनी समाधान व्यक्त केले' अशी झाली.

मोहिमेला मिळालेला प्रतिसाद पाहून समितीचे डोळे भरून आले. वाचनतासाला मुले पाठवा, असे बाई एकोणीस वर्षे सांगत आल्या होत्या. तेव्हा पालकांना वेळ नसे. साइटचे रंग तुम्हीच ठरवा, असे म्हटल्याबरोबर पंधरा दिवसांत दोन हजार तीनशे पालक प्रशासक झाले. घराघरांतून साइट सजू लागली. कोणी फुलपाखरे सोडली, कोणी ती दुसऱ्याची फुलपाखरे म्हणून पुसली. एका आजोबांनी अक्षरे इतकी मोठी केली की एका पडद्यावर एकच शब्द मावू लागला. एका आईने आपल्या मुलीचा फोटो पहिल्या पानावर लावला. दुपारपर्यंत पहिल्या पानावर तीनशे मुली आणि दोनशे ऐंशी मुलगे झाले आणि पान उघडायला अकरा मिनिटे लागू लागली. यावर उपाय म्हणून एका वडिलांनी 'पान लवकर उघडा' नावाचे प्लगइन बसवले. ते उघडायला आणखी चार मिनिटे लागत.

आणि मोहिमेच्या पहिल्याच दिवशी, सगळ्यांना प्रशासक करण्याच्या गडबडीत, बाईसुद्धा प्रशासक झाल्या.

त्यांनी कोणाला विचारले नाही. तळाशी गेल्या, ओळ शोधली, पाच पुसला, चार लिहिला आणि बटण दाबले. दोन मिनिटेही लागली नाहीत. सव्वादोन महिन्यांनी काम झाले होते. बाई खुर्चीत मागे रेलल्या आणि त्यांनी डोळे मिटले.

उघडले तेव्हा तिथे साडेचार होते. कोणा आईने लिहिले होते : 'साडेचार. पोहणे चारला असते.' बाईंनी पुन्हा चार केले. पुढच्या क्षणी सहा झाले : 'आम्ही दोघे नोकरी करतो.' मग 'रविवारी सकाळी'. मग 'शक्यतो परीक्षेनंतर'. ही व्यवस्था प्रत्येक बदलाची जुनी प्रत जपून ठेवते. महिनाअखेर वाचनतासाच्या ओळीच्या सहाशे चौदा प्रती झाल्या होत्या. जो तो आपल्या सोयीची वेळ लिहीत होता आणि लिहून झाले की मूल वाचनतासाला जाऊन आल्यासारखा निर्धास्त होत होता.

बाईंच्या जावेने तर एक अख्खा शनिवार घालवून जुळ्यांच्या फोटोभोवती नागमोडी चौकट केली. "बघा ताई, किती गोड दिसतायत वाचताना!"

"वाचतायत कुठे? पुस्तक उलटं धरलंय त्यांनी."

"अय्या, हो की!" जाऊ म्हणाली आणि फोटो फिरवायला बसली. आता पुस्तक सुलटे झाले, जुळी उलटी झाली.

तिमाही संपली. खोलीची सरासरी उपस्थिती सहा. कलम नऊ लागू झाले. बाई कपाटांवरून हात फिरवत बैठकीला गेल्या. जाताना त्यांनी चटई गुंडाळून ठेवली होती.

"बाई, वाईट वाटून घेऊ नका," अध्यक्ष प्रसन्न होते. "सहा हा आकडा जुन्या पद्धतीने मोजलेला आहे. बालविभागाच्या पानावर रोज दोन हजार तीनशे पालक सरासरी चाळीस मिनिटं घालवतात. वाचनाच्या बाबतीत एवढा उत्साह या गावाने कधी पाहिला नव्हता. उपक्रम यशस्वी झाला आहे. इतका की आता त्याला खोलीची गरज उरली नाही."

"मग खोलीचं काय करणार?"

"अन्य उपयुक्त प्रयोजन. पालकांची मागणी आहे, की थीम आणि प्लगइन नीट शिकवणारा एक वर्ग हवा. रोज चार वाजता. शिकवायला मात्र शांत स्वभावाचं माणूस लागेल. एकच प्रश्न सातव्यांदा विचारला तरी न चिडणारं."

सगळे बाईंकडे बघत होते.

बाईंना नाही म्हणायचे होते. तोंड उघडलेही होते. पण शाळा सुटली की पालक मुलाला हाताला धरून जिथे जायचे तिथे बरोबर नेतात, हे एकोणीस वर्षे रोज दुपारी पाहिलेले त्यांना आठवले, आणि त्यांनी विचारले, "पालक चारला येणार, तर मुलं कुठे असतील? शाळा तर साडेतीनला सुटते."

"ती येतील बरोबर. पण आत नकोत हं," उपाध्यक्षा म्हणाल्या. "कुठलं तरी बटण दाबून ठेवतील. बोळात बसू दे."

"आणि पालकांचे फोन?"

"फोन आतच लागणार ना! त्यावरच तर शिकायचंय."

"हो," बाई म्हणाल्या. "शिकवीन मी."

वर्गाच्या पहिल्या दिवशी पालकांच्या पिशव्यांना जागा हवी म्हणून बाईंनी चावीकाकांच्या मदतीने सगळी बुटकी कपाटे बोळात काढली. गुंडाळलेली चटईही तिथेच पसरली. बरोबर चार वाजता एकतीस पालक आले. साइटवर वेळ काय लिहिली होती कोण जाणे, पण एकालाही उशीर झाला नाही. अकरा स्टुलांवर अकरा जण गुडघे हनुवटीला टेकवून बसले, बाकीचे जमिनीवर. एकतीस फोन आत होते. बोळात चाळीस मुले होती आणि त्यांच्या हातात काहीच नव्हते. काहीच नसलेल्या हातांना जे समोर असेल ते उचलावे लागते.

पाचच्या सुमारास वर्ग आटोपत आला. पालकांना सगळे समजल्यासारखे वाटू लागले होते. एकदोघे उठूही लागले. बाईंनी दाराच्या फटीतून बाहेर पाहिले. बोळात कोणी पालथे पडले होते, कोणी भिंतीला पाय लावून उताणे. पानांचा आवाज तेवढा येत होता. बाई परत फळ्याकडे वळल्या.

"उठताय तर उठा," त्या म्हणाल्या, "पण तळाच्या पट्टीचा रंग असाच ठेवायचा आहे का?"

सगळे पुन्हा खाली बसले. साडेपाच होऊन गेले. चावीकाका जुडगा घेऊन बोळाच्या तोंडाशी आले, थबकले आणि किल्ल्या मुठीत घट्ट धरून, आवाज न करता माघारी फिरले.

पावणेसहाला पालक बाहेर पडले आणि दारातच अडखळले.

"अगबाई, वाचतायत!" एक आई कुजबुजली. लगेच एकतीस फोन वर झाले. "इकडे बघा रे! सोनू, वर बघ! बाळा, एकदाच, एकच फोटो!"

चाळीस जणांपैकी एकानेही वर पाहिले नाही. फोटो तसाच काढावा लागला. संध्याकाळी तो पहिल्या पानावर लागला आणि त्याखाली एकशे साठ तक्रारी आल्या, की मुलांचे चेहरे दिसत नाहीत.

तो फोटो अजून तिथे आहे. तुम्हालाही बघता येईल. त्यासाठी आधी प्रशासक व्हावे लागते, पण ते काही अवघड नाही. आणि एकदा आत गेलात, की फोटोची चौकट जरा गोल असती तर बरे झाले असते, असे तुम्हालाही वाटेल. खुशाल करा. नाही जमले तर बाईंच्या वर्गाला या. त्या सातव्यांदा विचारले तरी सांगतात. बाईंचे म्हणणे एवढेच आहे, की चौकटीची घाई करू नका. तासभर तरी लागू द्या. आणि येताना मुलाला घेऊन या.